दहा पट भिंग: फुलकिड्यांसाठी घेतलं, हिमालयातल्या फुलाला कामी आलं

नाशिकच्या सराफ बाजारात सोनारांची हत्यारं विकणारं एक अरुंद दुकान आहे. चिमटे, कानशी, मुशी, फुंकण्या, पकडी असा सगळा माल भिंतीवर टांगलेला, आणि गल्ल्याशेजारी काचेच्या कपाटात भिंगं. गेल्या वर्षी जूनमध्ये मी तिथून दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घेतलं. ७८० रुपये दिले. सव्वा वर्षात ते बागेत जवळजवळ रोज वापरलं आणि एकदा उत्तराखंडात फुलों की घाटीपर्यंत नेलं. तिथे एका जांभळट रानफुलाची ओळख त्याच्यामुळेच पटली. भिंग घ्यावं की नाही, कोणतं घ्यावं, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि थोडी माणिक चमन. एप्रिलची खरड छाटणी झाली की कोवळ्या फुटीवर फुलकिडे येतात, मग लाल कोळी. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला की बारीक बारीक काहीतरी हलताना दिसतं, पण ते फुलकिडे की तुडतुड्याची पिल्लं, हे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. आणि फवारणी कशाची करायची ते त्यावरच ठरतं. त्यामुळे भिंग ही माझी गरज होती, हौस नव्हती.

या भिंगाआधी मी घरबसल्या एक मागवलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत ‘३० पट’ लिहिलेलं, बाजूला दोन छोटे दिवे, किंमत दोनशेच्या आत. त्यातून पाहिलं की कडेला सगळं वाकडं दिसायचं, प्रत्येक वस्तूभोवती निळी-पिवळी झालर यायची आणि दिव्यामुळे पान नुसतं चकाकायचं. आठ दिवस मला वाटत होतं, माझेच डोळे कमी पडताहेत. मग पुतण्याने सोपी परीक्षा सांगितली. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीला कागद लावायचा, भिंग कागदाजवळ धरून मागे-पुढे करायचं, आणि बाहेरच्या झाडाचं उलटं चित्र कागदावर स्वच्छ उमटलं की भिंग आणि कागद यांच्यातलं अंतर मोजायचं. २५० मिलिमीटरला त्या अंतराने भागलं की भिंग किती पट मोठं दाखवतं ते साधारण कळतं. खरोखर ३० पट असतं तर चित्र जेमतेम ८ मिलिमीटरवर यायला हवं होतं. ते आलं ४० मिलिमीटरवर, म्हणजे सहा पटींच्या आसपास! शिवाय ३० पटीच्या भिंगाची काच इतकी फुगीर आणि इतकी लहान असावी लागते की दोन सेंटिमीटर रुंदीची काच ३० पट दाखवूच शकत नाही. हे आधी माहीत असतं तर पैसे गेले नसते. तुम्ही भिंग कुठूनही घ्या, पण ही परीक्षा करूनच घ्या. फक्त ती सूर्यावर करू नका, आणि भिंग उन्हात उघडं ठेवू नका.

सराफ बाजारातल्या दुकानाचं नाव आमच्या गावच्या सोनाराने सुचवलं. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढायला लागलं की या गल्लीतले दुकानदार माल वरच्या फळीवर हलवतात. मी गेलो तेव्हा पाऊस अजून लागायचा होता, सगळं जागच्या जागी होतं. गल्ल्यावरच्या काकांनी आधी विचारलं, “कशाला पाहिजे? दागिन्याला की घड्याळाला?” मी म्हटलं, “द्राक्षाच्या किडीला.” त्यांनी मान हलवली आणि कपाटातून तीन भिंगं काढून समोर ठेवली. मग स्वतःच्या खिशातली शंभराची जांभळट नोट काढून म्हणाले, “यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवा.”

त्या नोटेवर ‘भारत’, ‘इंडिया’, ‘आरबीआय’ आणि ‘१००’ असं इतक्या बारीक अक्षरांत छापलेलं असतं की साध्या नजरेला ती नुसती रेघ वाटते. पहिल्या भिंगातून मधली अक्षरं दिसली, कडेची पुसट झाली. दुसऱ्यातून जरा बरी. तिसऱ्यातून मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत प्रत्येक अक्षर उभं राहिलं, झालर नाही की वाकडेपणा नाही. काकांनी सांगितलं, “यात एक नाही, तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या आहेत. एकीची चूक दुसरी सुधारते.” काच १८ मिलिमीटरची, लोखंडी डबीत फिरवून बंद होणारी. घरी खिडकीची परीक्षा केली, तर चित्र २५ मिलिमीटरवर आलं. दहा पट म्हटलं होतं, दहा पटच निघालं.

धरायचं कसं हे मात्र मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. आपण पोस्टाच्या तिकिटावर धरतात तसं भिंग वस्तूजवळ धरतो आणि डोळा लांब ठेवतो. काकांनी माझा हात धरून भिंग थेट डोळ्याला लावलं, अंगठ्याचं पेर गालावर टेकवलं आणि म्हणाले, “आता हात हलवायचा नाही. वस्तू जवळ आणा.” नोट नाकापासून दोन बोटांवर आली तेव्हा चित्र स्वच्छ झालं. एवढ्या एका गोष्टीने जुन्या भिंगातूनसुद्धा थोडं बरं दिसायला लागलं. ७८० रुपयांतले निम्मे या शिकवणीचे होते असं मी समजतो.

बागेतलं थोडक्यात सांगतो, कारण द्राक्षवाल्यांना ते ठाऊकच आहे. फुलकिडा मिलिमीटरभर लांबीचा, भिंगातून सेंटिमीटरभर दिसतो आणि त्याचे झालरीसारखे पंख कळतात. लाल कोळ्याचे आठ पाय मोजता येतात. भुरी या बुरशीचा पांढरा थर आणि फवाऱ्याचे डाग यांतला फरक एका नजरेत कळतो. एवढ्यावरच भिंगाचे पैसे फिटले.

आता खरी गोष्ट.

जुलैच्या शेवटी बागेत काम तुलनेने हलकं असतं. ऑक्टोबरची गोडी छाटणी लांब असते. गेल्या वर्षी मी, आमच्या सौ. आणि पुतण्या असे तिघं फुलों की घाटीला गेलो. गोविंदघाटाहून पुलन्यापर्यंत जीप, तिथून घांघरियापर्यंत चढ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाटी. जून ते ऑक्टोबर एवढेच महिने ती उघडी असते, आत मुक्काम करता येत नाही, आणि फूल तोडायला सक्त मनाई आहे. १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइद आणि त्यांचे सोबती या खोऱ्यात उतरले आणि पुढे ते जगभर गाजलं. २००५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. पण मला जाताना यातल्या कशाचंच अप्रूप नव्हतं. सौ.ना हेमकुंड साहिब आणि ब्रह्मकमळ पाहायचं होतं, पुतण्याला फोटो काढायचे होते, आणि मी भिंग काळ्या करदोड्यात ओवून गळ्यात घातलं होतं, का ते मलाही सांगता आलं नसतं.

पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला की भोजवृक्षांची झाडी लागते. तिथे पायवाटेला आडवा एक ओहोळ येतो. पाणी घोटाभर, दगड शेवाळलेले, सावली दाट. ओहोळाच्या काठाला मांडीइतक्या उंचीची काही झाडं होती, त्यांवर फिक्या जांभळ्या फुलांचे झुबके. सौ. दगडावर बसल्या होत्या, त्यांनीच आधी पाहिलं. म्हणाल्या, “अहो, हे बघा, या झाडाला डिंगऱ्या लागल्यात.”

मी वळून पाहिलं. खरंच, फुलांच्या खाली लांब, बारीक, हिरव्या शेंगा तिरक्या उभ्या होत्या. मुळा शेतात राखला की त्याला येतात त्या डिंगऱ्या आपण भाजीला वापरतो. याच्या शेंगा त्यांच्यापेक्षा बारीक आणि सरळ होत्या, पण घडण तीच. शेंड्याला कळ्यांचा गुच्छ, त्याखाली उमललेली फुलं, त्याखाली गळलेल्या फुलांच्या जागी कोवळ्या शेंगा, आणि सगळ्यांत खाली भरत आलेल्या शेंगा. कोबी तुऱ्यावर आला की शेतात हेच दिसतं. आम्ही पूर्वी कोबी करायचो तेव्हा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी लावायचो, म्हणजे पतंग कोबी सोडून मोहरीवर अंडी घालतो. त्या मोहरीत मी इतकी वर्षं वावरलो आहे की तिचा तुरा झोपेतही ओळखेन. हे फूल जांभळं होतं, पान वेगळं होतं, पण झाडाची ठेवण मोहरीची होती.

तोडायचं नाही, म्हणजे वस्तू भिंगाजवळ आणता येणार नाही. मग आपणच वाकायचं. मी ओल्या दगडावर गुडघे टेकले, डावा हात जमिनीवर, उजव्या हाताने भिंग डोळ्याला लावलं आणि मान हळूहळू पुढे नेली. वाऱ्याने फूल हलत होतं. पुतण्याने दोन बोटांत देठ अलगद स्थिर धरला, आणि चित्र जमलं.

पाकळ्या चार, समोरासमोर, अगदी अधिकच्या चिन्हासारख्या. या कुळाचं जुनं शास्त्रीय नाव क्रुसिफेरी, म्हणजे क्रूस धारण करणारं, ते याच मांडणीवरून. प्रत्येक पाकळीवर गडद जांभळ्या शिरांचं जाळं, कडेला रंग पातळ होत जवळजवळ पांढरा. मग मधे पुंकेसर. मी मोजले, सहा. परत मोजले, सहाच. आणि त्यांतले चार उंच, दोन बाजूंचे दोन बुटके. उंच चौघे मध्यभागी दोन-दोनच्या जोडीने उभे, बुटके दोघे बाहेरच्या अंगाला, जरा बाहेर झुकलेले. मोहरीत, मुळ्यात, कोबीत हेच असतं, पण मी ते आजवर कधी मोजलं नव्हतं. सहा पुंकेसरांच्या बरोबर मधे हिरवी काडी, तीच पुढे शेंग होते. फुलाच्या देठाच्या बुडाशी एखादं बारीक पान असतं का तेही पाहिलं, नव्हतं. मोहरीलाही नसतं.

दहा-पंधरा मिनिटं मी तसाच होतो. मागून येणारे लोक थांबून विचारत होते, काही पडलं का? एका सरदारजींनी भिंग मागून घेतलं, ते फूल पाहिलं आणि “वाहेगुरू” एवढंच म्हणाले.

पुतण्याने फोटो काढले. एक युक्ती सांगतो, भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर नीट टेकवून धरलं की कॅमेरा भिंगातून पाहतो. चित्राच्या कडा काळ्या येतात, पण मधला भाग स्वच्छ येतो. बुटके पुंकेसर दिसणारे दोन फोटो असे मिळाले आणि पुढे तेच उपयोगी पडले. पानाचाही फोटो घेतला. एका लांब देठावर पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानातल्या छोट्या पानांच्या, जोड्या आणि टोकाला एक, गुलाबाच्या पानासारखी मांडणी, पण पर्णिका लांबट, टोकदार आणि कडेला करवतीसारखे दात. पाच जोड्या आणि शेंड्याची एक, अशा अकरा पर्णिका मोजल्या. द्राक्षमणी मोजायची पट्टी खिशात असतेच, ती शेजारी धरली. पाकळी १२ मिलिमीटर, मोठी शेंग ४ सेंटिमीटर.

परतताना गाडीत पुतण्याने त्याच्या मोबाइलमधल्या झाड ओळखणाऱ्या ॲपला लांबून काढलेला फोटो दाखवला. म्हणाला, “काका, हे एपिलोबियम आहे म्हणे. आपण नदीकाठी पाहिलं ना, तेच.” नदीकाठच्या गोट्यांमध्ये गुलाबी-जांभळ्या चार पाकळ्यांची एपिलोबियमची फुलं आम्ही खरंच पाहिली होती, घाटीत ती भरपूर आहेत. लांबून दोन्ही सारखी वाटतात हेही खरं. पण मी नदीकाठचं फूलही भिंगाखाली पाहिलं होतं. त्यात पुंकेसर आठ होते. आणि मुख्य म्हणजे त्याची शेंग फुलाच्या खाली होती. काकडीच्या मादी फुलामागे इवलीशी काकडी असते ना, तसं. पाकळ्या शेंगेच्या टोकावर बसतात. आमच्या ओहोळाकाठच्या फुलाची शेंग पाकळ्यांच्या मधून, वांग्या-मिरचीसारखी आतून वाढत होती. एकदा ही गोष्ट लक्षात आली की या दोन कुळांत पुन्हा गल्लत होत नाही, चार पाकळ्या कितीही सारख्या असोत. पुतण्याने मग भिंगातून काढलेला फोटो त्याच ॲपला दिला. तेव्हा उत्तर आलं, रानमुळा. कूळ बरोबर, झाड चूक.

असल्या ॲपला मी नावं ठेवत नाही. बांधावरचं गवत ओळखायला ते मी आजही वापरतो. पण ते रंग आणि आकार पाहतं, आणि इथे उत्तर पुंकेसरांत आणि शेंग कुठून निघते यात होतं. ते आधी माणसाला दिसावं लागतं, तरच त्याचा फोटो निघतो.

नाशिकला आल्यावर मुलीच्या ओळखीच्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक मॅडमना फोटो दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दादा, पर्णिका मोजल्यात?” मी म्हटलं, अकरा. “पाकळी केवढी?” बारा मिलिमीटर. “पुंकेसर?” चार उंच, दोन बुटके. त्या हसल्या, संगणकावर वनस्पतिकोश उघडला आणि एकेक ओळ माझ्याकडून वाचून घेतली. पर्णिकांच्या तीन ते सहा जोड्या, क्वचित सात, दातेरी कडा, जांभळट पाकळ्या साधारण ९ ते १५ मिलिमीटर, रेषेसारखी बारीक लांब शेंग, ओलसर सावलीची जागा, हिमालय. सगळं जुळत गेलं. नाव निघालं कार्डामाइन मॅक्रोफिला. मॅक्रोफिला म्हणजे मोठ्या पानांची. १८०० साली विल्डेनॉव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. इंग्रजीत या गटाला बिटरक्रेस म्हणतात, आणि पहाडी भागात तिची कोवळी पानं भाजीला वापरतात. तिला जमिनीखाली जाड आडवं खोडही असतं, ते आम्ही अर्थातच खणून पाहिलं नव्हतं, पण मॅडम म्हणाल्या, वरचं एवढं जुळल्यावर त्याची गरज नाही.

शेंगेबद्दल त्यांनी सांगितलं ते मला फार आवडलं. डिंगरी वाळली तरी फुटत नाही, चिरडून बी काढावं लागतं. मोहरीची शेंग वाळून उकलते, दोन फाळ्या गळतात आणि मधे कागदासारखा पातळ पडदा उरतो. कार्डामाइनच्या शेंगेच्या फाळ्या मात्र पक्व झाल्या की खालून वर झटक्यात गुंडाळतात आणि बिया उडवतात. तेरड्याचं बोंड हात लागताच फुटतं तसंच. आणि योगायोग असा की घाटीत सगळ्यांत जास्त दिसणारं गुलाबी फूल आपल्या तेरड्याचंच हिमालयातलं भावंड आहे, इम्पेशन्स सल्काटा. म्हणजे त्या ओहोळाच्या काठावर शेंग फोडून बी उडवणारी दोन वेगवेगळ्या कुळांतली झाडं शेजारी शेजारी उभी होती.

मी मॅडमना विचारलं, मग सहा पुंकेसर मोजले की मोहरीचं कूळ पक्कं? त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा, पण हिमालयातच या कुळातली मेगाकार्पिया पॉलिअँड्रा नावाची दांडगी वनस्पती आहे आणि तिला सहाहून जास्त पुंकेसर असतात, नावातच तो अर्थ आहे. म्हणून एका खुणेवर थांबायचं नाही. पाकळ्या, पुंकेसर, शेंग आणि पान, चौघांची साक्ष घ्यायची.

ते मी घरी लगेच करून पाहिलं. ऑगस्टमध्ये आमच्या बांधावर पिवळी तिळवण फुलते. पाकळ्या चार, पिवळ्या, खाली लांब शेंग. लहानपणापासून आम्ही तिला रानमोहरीच म्हणत आलो. भिंग लावलं तर पुंकेसर सहा नाहीत, भरपूर, मोजता मोजता डोळा दुखला. चारही पाकळ्या वरच्या बाजूला सरकलेल्या. शेंगेवर आणि खोडावर टोकाला थेंब असलेले बारीक केस, म्हणूनच तो चिकटपणा. मोहरीच्या कुळाची ती जवळची नातेवाईक आहे, पण कूळ वेगळं. चाळीस वर्षं चुकीचं नाव घेत होतो, ते एका सकाळी सुटलं.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. पिवळा धोतरा माळावर सगळीकडे आहे. त्याचं बी मोहरीत मिसळलं आणि तेल काढलं की ते विष होतं. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने साठहून जास्त माणसं दगावली, अंगावर सूज येऊन. मी दोन्ही दाणे शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिले. मोहरीचा दाणा गोल आणि बऱ्यापैकी गुळगुळीत. धोतऱ्याचा काळा, खरखरीत, पृष्ठभागावर खोल जाळी. नखाने फोडले तर मोहरी आतून पिवळी, धोतरा पांढरा. आमच्याकडे फोडणीची मोहरी सुट्टी येते, तेव्हापासून सौ. तिची चिमूटभर ताटलीत घेतात आणि भिंग मागून नेतात.

आता भिंगाचे दोष, कारण ते सांगितल्याशिवाय खरेदीचा सल्ला देणं बरोबर नाही. एकाच वेळी अगदी थोडी खोली स्वच्छ दिसते. उंच पुंकेसर स्पष्ट झाले की बुटके पुसट होतात, मान पुढे-मागे करावी लागते. सवय व्हायला मला पंधरा दिवस लागले. पावसाळी हवेत काचेवर लगेच वाफ धरते, घाटीत तर दर दोन मिनिटांनी. सुती धोतराचा मऊ तुकडा जवळ ठेवा, शर्टाच्या टोकाने पुसू नका, चरे पडतात. चष्मा असेल तर भिंग काचेवर आपटू न देता लावायला शिकावं लागतं, मी चष्मा काढूनच पाहतो. उजेड नसेल तर काहीच दिसत नाही. घाटीतल्या सावलीत मला आभाळाकडे पाठ न करता तिरकं बसावं लागलं. आणि डबीचा जो खिळा आहे, ज्यावर भिंग फिरतं, तो आठ महिन्यांत सैल झाला. भिंग आपोआप बाहेर पडायला लागलं.

पहिल्यांदाच घेणार असाल तर दहा पटच घ्या. वीस पटीचं घेऊन आमच्या शेजाऱ्याने पाहिलं, त्याला वस्तू इतकी जवळ आणावी लागते की फुलावर स्वतःचीच सावली पडते, आणि हात जरा हलला की सगळं चित्र जातं. किडीसाठी, फुलासाठी, बियाण्यासाठी दहा पट पुरतं. लहान मुलाला देणार असाल तर पाच पटीचं मोठ्या काचेचं बरं.

तो सैल खिळा घेऊन मी मार्चमध्ये सराफ बाजारात गेलो. द्राक्षाची काढणी नुकतीच उरकली होती. काकांनी भिंग उलटं करून पाहिलं, सोनाराची छोटी हातोडी घेतली, खिळ्याच्या डोक्यावर दोन हलके ठोके दिले, डबी उघडझाप करून पाहिली आणि परत दिली. पैसे विचारले तर नको म्हणाले. मी मोबाइल काढून त्यांना ते जांभळं फूल दाखवलं, भिंगातून काढलेला फोटो, चार उंच पुंकेसर आणि दोन बुटके. त्यांनी दुकानातलं स्वतःचं भिंग डोळ्याला लावलं आणि मोबाइलच्या पडद्यावरच ते फूल पाहिलं. मग विचारलं, “नाव काय याचं?” मी सांगितलं. त्यांनी ते बिलाच्या वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहून घेतलं, कार्डामाइन मॅक्रोफिला, आणि खाली तारीख टाकली.